आपल्या कामाचं मूल्यमापन आपणच करताना: विदर्भातल्या गावपातळीवरच्या संस्थांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटांचे महासंघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, ग्रामपंचायती आणि पाच-दहा कार्यकर्त्यांवर चालणाऱ्या संस्था यांच्यासाठी हे प्रश्नोत्तर आहे. वऱ्हाडात काय किंवा झाडीपट्टीत काय, बैठकीत चहा आला की जे प्रश्न निघतात तेच इथे घेतले आहेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही.

मूल्यमापन म्हणजे नेमकं काय शोधायचं असतं?

तीन गोष्टी. ज्या बदलासाठी काम हाती घेतलं तो झाला का? झाला असेल तर कोणाकडे झाला आणि कोण मागे राहिलं? आणि आपण हे काम केलंच नसतं, तरी तो झाला असता का? तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. बहुतेक अहवालांत नेमका तोच गाळलेला असतो.

या तिन्हींच्याही आधी संस्थेने स्वतःला विचारायचं: उत्तर हाती आल्यावर आपण कोणता निर्णय घेणार आहोत? पुढच्या वर्षी बकऱ्या द्यायच्या की कोंबड्या, शिवणवर्ग दुसऱ्या गावात न्यायचा की बंद करायचा, पाणलोटाचं काम माथ्यापासून पुन्हा तपासायचं का, असं काहीतरी ठरवायचं असलं पाहिजे. तसा निर्णय समोर नसेल तर सर्वेक्षण करूच नका. माहिती देणाऱ्याचा अर्धा दिवस मोडतो आणि त्याची मजुरी त्याला कोणी देत नाही.

आमचा मासिक अहवाल दर महिन्याला जातो. मग हे वेगळं कशाला?

मासिक अहवालातून आपण काय केलं ते कळतं. त्यातून पुढे काय घडलं, हे त्यात नसतं.

सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं प्रशिक्षण घ्या. “१२ गावांत १२ प्रशिक्षणं, ३६० शेतकरी उपस्थित” ही झाली कामाची नोंद. ती हवीच, तिलाच संनियंत्रण म्हणतात. पण त्या ३६० पैकी किती जणांनी घरचं बियाणं गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून तपासलं? किती जणांनी खरोखर बीजप्रक्रिया करून मग तिफणीला हात लावला? ज्यांनी केली त्यांच्या वावरात उगवण बरी झाली का, दुबार पेरणी टळली का? मूल्यमापन इथून सुरू होतं.

गोणपाटाचं उदाहरण मुद्दाम दिलं. दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, काही दिवसांनी मोड आलेले मोजायचे, शंभरात सत्तरच्या खाली आले तर ते बियाणं पेरायचं नाही किंवा बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. शेतकरी हे करतो तेव्हा तो मूल्यमापनच करत असतो. त्याच्या हातात एक मोजमाप आहे, एक ठरलेली मर्यादा आहे, आणि त्यावरून घ्यायचा निर्णय आहे. आपल्या कार्यक्रमांना बहुतेक वेळा यातलं शेवटचं नसतं.

थिअरी ऑफ चेंज, लॉगफ्रेम (कामातून बदल कसा घडेल ते मांडायच्या पद्धती) हे सगळं शिकावं लागेल का?

तक्ता भरायचा असेल तर भरा, फंडर म्हणजे पैसा देणारे मागतात. पण समजून घेण्यासाठी एक भिंत आणि खडू पुरे. वर आपलं काम लिहा आणि खाली खाली “म्हणून काय होईल?” असं विचारत जा. किचनगार्डनची रोपं दिली, म्हणून परसबाग लागेल, म्हणून घरात भाजी येईल, म्हणून ती ताटात पडेल, म्हणून गरोदर बाईच्या आणि लहान पोराच्या ताटात पडेल, म्हणून रक्त वाढेल. लिहिता लिहिताच कळतं की कोणती पायरी आपण नुसती गृहीत धरली आहे. वरच्या साखळीत ती बहुधा “ताटात पडेल” ही असते, कारण भाजी बाजारात दोन पैसे देते आणि मार्चनंतर परसबागेला पाणी नसतं. मोजायचं ते त्याच पायरीवर.

इंडिकेटर, म्हणजे बदल दाखवणारे मोजायचे आकडे, किती ठेवावेत?

तीन ते पाच. पंधरा-वीस ठेवणाऱ्या संस्था शेवटी एकही नीट मोजत नाहीत. प्रत्येकाला एकच कसोटी लावा: हा आकडा दुप्पट आला किंवा निम्मा आला तर आपण काय वेगळं करू? उत्तर “काहीच नाही” असेल तर तो इंडिकेटर खोडा.

सुरुवातीला बेसलाईन, म्हणजे कामाआधीची मोजणी, केलीच नाही. आता तीन वर्षं झाली. सगळं वाया गेलं का?

नाही. बेसलाईन असती तर बरंच होतं, पण गावात जुन्या नोंदी वाटतात त्याहून जास्त असतात. अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर, शाळेचा हजेरीपट, प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रसूतीची नोंद, बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या काटापट्ट्या, सातबारावरचा पीकपेरा, बचत गटाचं कर्जखातं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची पातळी वर्षातून ठरलेल्या महिन्यांत मोजली जाते. आपल्या गावात नसली तरी जवळपास एखादी असते.

दुसरा मार्ग आठवणीचा. त्याची मर्यादा ओळखून वापरा. “तीन वर्षांपूर्वी महिन्याला किती तेल लागायचं?” याचं उत्तर कोणालाही खरं देता येत नाही. पण बैलजोडी कधी विकली, विहीर कधी खणली, दागिना कधी गहाण पडला, पोरीची शाळा कोणत्या वर्गात सुटली, हे माणूस विसरत नाही. सन विचारू नका, खूण विचारा: गुलाबी बोंडअळीच्या सालाआधी की नंतर? नोटाबंदीआधी? लॉकडाऊनमध्ये? २०१७ म्हटलं तर यवतमाळचा कापूसवाला विचारात पडतो, बोंडअळी म्हटलं की लगेच सांगतो.

पाणी वाढलं ते आमच्या बंधाऱ्यामुळेच, हे कसं सिद्ध करायचं?

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त फसगत याच प्रश्नावर होते.

बंधारा बांधला, नाला खोलीकरण झालं, पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकलं. फोटो निघाले. पण त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता, आणि शेजारच्या गावात काहीच काम नसताना तिथेही पाणी टिकलं होतं. आता श्रेय कोणाचं?

उपाय साधा आहे, वेळ मात्र आधी काढावा लागतो. आपल्या गावातल्या दहा विहिरी निवडा आणि काम न झालेल्या, साधारण तशीच जमीन आणि तसाच पाऊस असलेल्या गावातल्या दहा. काळ्या भारी जमिनीच्या गावाची तुलना मुरमाड गावाशी करू नका. तुलनेचं गाव त्याच नाल्यावर खालच्या अंगाला असेल तर तेही चालणार नाही, आपल्या बंधाऱ्याचा परिणाम तिथेही पोचतो. काठावर एक खूण करून ठेवा. तिथपासून पाण्यापर्यंतचं अंतर दोर सोडून मीटरमध्ये मोजा, दर वर्षी त्याच महिन्यात, सकाळी मोटार सुरू होण्याआधी. मोटार चालल्यावर मोजलेला आकडा पाण्याचा नसतो, विजेच्या वेळापत्रकाचा असतो.

समजा आपल्याकडे मे महिन्यात पाणी काठापासून सरासरी १२ मीटरवर होतं, दोन वर्षांनी ते ९ मीटरवर आलं. तीन मीटरची वाढ. शेजारच्या गावात त्याच काळात ११ वरून ९ वर, म्हणजे दोन मीटरची. ते दोन मीटर पावसाचे धरा. आपल्या कामाच्या वाट्याला एक मीटर येतो. तीनाच्या जागी एक लिहायला जड जातं, पण तो एक मीटर कोणी खोडू शकत नाही.

मोठ्या प्रमाणावरही गोष्ट हीच आहे. राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या ‘कॅग’च्या (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालात म्हटलं होतं की ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. त्यावरून राजकारण झालं, आणि योजनेच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ होते. ज्या गावात विहिरींची वर्षानुवर्षांची स्वतःची वही होती त्या गावाला या वादात कोणाच्याच शब्दावर अवलंबून राहायची गरज नव्हती.

तुलनेची गावं ठेवणं हे मोठ्या संशोधकांचं काम नाही का?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण विदर्भातलंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं तेव्हा ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघरी जाऊन बाळाची काळजी घेत, आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. तिथे नेहमीची सेवा सुरू होती, पण जन्म आणि मृत्यूची नोंद दोन्हीकडे तितक्याच काटेकोरपणे होत होती. १९९३ ते १९९५ या काळात पायाभूत नोंदी झाल्या, घरच्या घरी उपचार त्यानंतर सुरू झाले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत घरी जाऊन नवजात काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आखला.

हे काम तज्ज्ञांनी केलं, खरं आहे. पण नोंदी ठेवल्या त्या गावातल्याच माणसांनी. तुमच्या-आमच्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच: बदलाची घाई न करता आधी मोजलं, आणि जिथे काम नव्हतं तिथेही मोजलं. पाच गावांची संस्था पाच-सहा तुलनेची गावं सहज पाहू शकते. पुढच्या टप्प्यात ज्या गावांत जाणार आहात तीच आज तुलनेला घ्या, म्हणजे “आम्हाला काही देत नाही आणि नुसतं विचारता” हा रास्त आक्षेपही राहत नाही.

किती घरं केली म्हणजे पुरेसं?

लोकांना इथे एक आकडा हवा असतो. घ्या: शंभर घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि त्यातल्या ६० घरांत संडास वापरात आढळला, तर खरं प्रमाण साधारण ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आहे असं म्हणता येतं. चारशे घरं केली तर ५५ ते ६५. चौपट मेहनत करून नेमकेपणा दुप्पट होतो. बहुतेक निर्णयांना पहिला अंदाज पुरतो.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचं ‘असर’ हे सर्वेक्षण जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं अशा हिशेबाने चालत आलं आहे, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यासाठी ६०० घरं. एका तालुक्यातल्या कार्यक्रमासाठी दोन हजार फॉर्म छापणाऱ्यांनी यावर विचार करावा.

संख्येपेक्षा निवड जास्त महत्त्वाची. डांबरी रस्त्यालगतची, सरपंचाच्या वाड्याच्या आसपासची, चहा देणारी घरं निवडली की निकाल गोडच येणार. गावाची यादी घ्या आणि दर सातवं किंवा दहावं घर मोजत जा. यादी करताना मूळ गावाबाहेरचा पोड, बेडा, तांडा, ढाणा, टोला सुटत नाही ना ते पाहा. कागदावर ते त्याच गावात असतात, सर्वेक्षणात नसतात, आणि योजना पोचत नाही तीही तिथेच.

लोक “सगळं चांगलं हाय” म्हणतात. खरं कसं काढायचं?

त्यांचा दोष नाही. बकरी देणारा माणूसच दारात उभा राहून “बकरी कशी आहे?” विचारत असेल तर दुसरं काय उत्तर येणार? पहिली गोष्ट म्हणजे वाटप करणाऱ्याने विचारायला जाऊ नये. दुसऱ्या गावचा कार्यकर्ता पाठवा. दुसरी गोष्ट, मत विचारू नका, घडलेलं विचारा. दोन्हींतला फरक असा पडतो:

“मावशी, बकऱ्यांचा फायदा झाला का?”
“हो ना भाऊ, झाला.”

आणि तीच मावशी:

“दोन बकऱ्या मिळाल्या होत्या ना? आता कुठं आहेत?”
“एक मेली पावसाळ्यात. एक हाय, चरायले गेली.”
“पिल्लं किती झाली?”
“दोन. बोकड्या इकला दिवाळीले, पोराच्या फीसाठी. पाठ ठेवली.”
“मेली तिला डॉक्टरला दाखवलं होतं का?”
“कोन येते बाप्पा इथं. फोन केला होता.”

पहिल्या उत्तरातून काही हाती लागत नाही. दुसऱ्यात मृत्यू, उत्पन्न, पैसा कशाला लागला ते, पुढचा कळप आणि पशुवैद्यकीय सेवेचं भोक, सगळं आलं. पंचवीस घरांत “पावसाळ्यात मेली” असं दहा वेळा ऐकू आलं तर पुढच्या वर्षीचा निर्णय झाला समजा: आधी लसीकरण, मग बकऱ्या.

बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत.

मग पुरुषांसमोर विचारू नका. बाई कार्यकर्ती, पाणवठ्यावर किंवा गटाच्या बैठकीनंतर, आणि जिथे कोरकू, गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलतात तिथे ती भाषा येणारी. प्रमाण मराठीतली छापील प्रश्नावली वाचून दाखवणं आणि काहीच न विचारणं यात फार अंतर नाही.

सर्वेक्षण कोणत्या महिन्यात करावं?

तुमच्या सोयीच्या महिन्यात नको, हे आधी. मार्च अखेर आला की सगळ्यांना आठवण होते, तेव्हा गडचिरोली-गोंदियाकडची माणसं पहाटेपासून मोह वेचायला जंगलात असतात, आणि त्यामागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. भंडाऱ्याकडे रोवणीच्या दिवसांत घरी कोणी सापडत नाही. वऱ्हाडात कापूस वेचणीच्या वेळी बायकांची मजुरी बुडते. मेळघाटात दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परत येतात. जानेवारीत धारणी-चिखलदऱ्याला जाऊन “स्थलांतर कमी झालं” असं लिहिणारा अहवाल म्हणजे गावात उरलेल्यांची गणती.

आणखी एक, तुलना नेहमी त्याच महिन्याशी करा. भर पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि पोरं हगवणीने आजारी असतात. तेव्हाची वजनं आणि सुगीनंतरची वजनं शेजारी ठेवली तर कोणताही पोषण कार्यक्रम यशस्वी दिसेल.

आमच्या कार्यकर्त्यांचं मोजणं बरोबर आहे हे कसं कळणार?

एकाच मुलाला दोघांकडून मोजून घ्या. दंडघेराची पट्टी सोपी वाटते: सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली तर सॅम (तीव्र कुपोषण, पट्टीवर लाल), ११.५ ते १२.५ मध्ये मॅम (मध्यम कुपोषण, पट्टीवर पिवळा). पण घेर डाव्या दंडाचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला असताना घ्यायचा असतो. बाळ रडत असतं, हात आखडतं, आई घाईत असते. पट्टी जराशी आवळली की पिवळं बाळ लाल होतं, सैल सोडली की लाल बाळ पिवळं. दहा बाळं दोघींनी वेगवेगळी मोजा, एकमेकींचे आकडे न दाखवता. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक वारंवार येत असेल तर गावात जाऊ नका, आधी पुन्हा सराव.

वजनकाट्याचंही तेच. रोज सकाळी एक किलोचं प्रमाणित माप ठेवून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

प्रशिक्षणानंतर अभिप्राय फॉर्म भरून घेतो. तेवढं चालेल?

त्यातून जेवण कसं होतं ते कळतं. प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मांडल्या आहेत: आवडलं का, शिकले का, वागण्यात आलं का, त्याचा परिणाम झाला का. फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो. तीन महिन्यांनी वीस जणांच्या घरी किंवा वावरात जाऊन या, तिसरी पायरी हाती लागेल.

आकडे घ्यावेत की लोकांच्या गोष्टी?

दोन्ही, पण यशोगाथा या प्रकाराबद्दल आमचं मत जरा कडू आहे. प्रत्येक संस्थेकडे एक ताई असते जिचा पापडाचा व्यवसाय उभा राहिला, आणि दरवर्षी तिचाच फोटो छापला जातो. गोष्टी घ्यायच्याच तर निवडीचा नियम आधी ठरवा: तिघी ज्यांचं चांगलं झालं, तिघी ज्यांनी मधेच सोडलं, तिघी ज्यांना बोलावूनही आल्या नाहीत. सोडून गेलेल्या तिघींकडून जे कळतं ते बाकीच्या सहा जणींकडून कळत नाही. वर्गाची वेळ आणि नळाला पाणी यायची वेळ एकच होती, असं काहीतरी निघतं.

मोबाईल ॲप लागतं का?

लागतंच असं नाही. दोनशे फॉर्मपर्यंत कागद आणि एक्सेल ठीक चालतं. त्यापुढे कोबो टूलबॉक्ससारखं मोफत साधन बरं. नेटवर्क नसतानाही फॉर्म भरता येतात आणि तालुक्याला आल्यावर पाठवता येतात. भामरागडकडे फिरणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको.

नावं, फोटो, आधार क्रमांक घ्यावेत का?

आधार क्रमांक मूल्यमापनाला कशालाच लागत नाही. घेऊ नका. नावाऐवजी घर क्रमांक पुरतो, नावांची यादी वेगळी कुलपात ठेवा. कुपोषित बाळाचा, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीचा चेहरा दिसणारा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकण्याची सवय विदर्भात फार रुजली आहे. ती मोडली पाहिजे. वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा स्वतंत्र कायदाही आता आहे. पण कायदा नसता तरी विचारण्याआधी “नाही म्हटलं तरी तुमची योजना बंद होणार नाही” हे वाक्य मोठ्याने म्हणायला हवंच.

निकाल वाईट आला तर फंडर पैसे बंद करेल ना?

कधी कधी करतो. खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण “पन्नास टक्के गटांनी कर्ज फेडलं नाही, कारण हप्ता जुलैत ठेवला होता आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा डिसेंबरात येतो, म्हणून पुढे हप्ता जानेवारीत घेतोय” हे वाचणारा समजदार अधिकारी तुम्हाला सोडत नाही. नुसतं “पन्नास टक्के फेड” वाचणारा सोडतो. वाईट आकड्यासोबत कारण आणि बदल, हे तिन्ही एकाच पानावर असावं.

कंपनी म्हणते इम्पॅक्ट असेसमेंट (परिणामाचं मूल्यांकन) बंधनकारक आहे. खर्च आम्ही करायचा का?

ती जबाबदारी कंपनीची आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) नियमांप्रमाणे, ज्या कंपनीचं सीएसआर दायित्व मागच्या तीन वर्षांत सरासरी दहा कोटी किंवा जास्त आहे, तिने एक कोटी किंवा त्याहून मोठ्या आणि पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेल्या प्रकल्पांचं स्वतंत्र संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यायचं असतं. हा खर्च ठरलेल्या मर्यादेत सीएसआरमध्येच दाखवता येतो. तुमचा प्रकल्प पंधरा लाखांचा असेल तर हा नियम त्याला लागू नाही. तरी मागत असतील तर नम्रपणे बजेटमध्ये ओळ टाकायला सांगा.

कंपनीच्या मूल्यांकनाच्या नमुन्यात सहा निकष असतात, ते काय?

जगभर वापरात असलेले ओईसीडीचे (विकसित देशांच्या संघटनेचे) निकष आहेत ते, पाच १९९१ पासूनचे आणि सहावा २०१९ मध्ये जोडलेला. गावच्या भाषेत: लोकांना हे हवं होतं का, दुसऱ्या योजनांशी जुळतं का, ठरवलं ते झालं का, पैशाच्या आणि वेळेच्या मानाने झालं का, त्यातून मोठा फरक काय पडला, आणि आपण निघून गेल्यावर टिकेल का. सगळे सहा प्रत्येक वेळी घ्यायची सक्ती नाही. विदर्भातली बंद पडलेली पाण्याची फिल्टर मशीनं पाहिली तर शेवटच्या, टिकण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करावीशी वाटते.

निकाल गावाला सांगायचा का, आणि कसा?

सांगायचाच. माहिती त्यांची आहे. टक्केवारी टाळा, “दर दहा घरांतली चार” म्हणा. चवड्यावर बसलेल्या माणसालाही दिसेल एवढ्या मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढा आणि पाणी टिकलेल्या विहिरींवर निळी, आटलेल्यांवर लाल टिकली लावायला गावकऱ्यांनाच सांगा. कोणीतरी उठून “ही विहीर चुकली, हिला पाणी होतं” म्हणेल. तिथे अहवाल दुरुस्त होतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात ग्रामसभेआधी अभ्यास गट बसून विषय समजून घेतो आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावाने अभ्यास हा तज्ज्ञांचा प्रांत मानला नाही. कायद्यानेही ही वाट दाखवलेली आहे: २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावासमोरची उघड तपासणी, ग्रामसभेकडे दिलं होतं. मस्टरवरची (मजुरांच्या हजेरीपटावरची) नावं मोठ्याने वाचली जातात आणि कोणीतरी म्हणतं, “हा तर दोन वर्षं झाली पुण्याले हाय.” यासारखं मूल्यमापन कोणत्याही सल्लागाराला जमणार नाही.

दोन महिने आणि दोनच माणसं आहेत. काय जमेल?

पुष्कळ. पहिला आठवडा भिंतीवरची साखळी आणि तीन प्रश्न ठरवण्यात घालवा. दुसऱ्यात जुन्या नोंदी गोळा करा. तिसऱ्यात प्रश्नावली दहा घरांत करून पाहा, अडलेले प्रश्न फेका. मग तीन आठवडे साठ ते शंभर घरं, निम्मी तुलनेच्या गावातली, सोबत सोडून गेलेल्यांच्या गोष्टी. सातव्यात मोजणी, हाताने रेघा ओढून केली तरी चालेल. आठव्यात ग्रामसभा किंवा गटाची बैठक, आणि तिथे जे दुरुस्त होईल ते घेऊन चार पानं लिहा.

बाहेरचा मूल्यमापक आणला आणि त्याने ऐंशी पानांचा इंग्रजी अहवाल दिला. आता?

हे करारातच ठरवायचं असतं. पुढच्या वेळी चार अटी आधी लिहून घ्या: मराठीत दोन पानांचा सारांश, गावात येऊन तोंडी मांडणी, शेवटचा हप्ता त्या मांडणीनंतर, आणि नावं काढून टाकलेली सगळी कच्ची माहिती संस्थेकडे. मूल्यमापक निवडताना त्याच्या जुन्या अहवालातलं एक पान मागा ज्यात त्याने काम जमलं नाही असं लिहिलं आहे. असं पान त्याच्याकडे नसेल तर दुसरा शोधा.

आणि आधीच येऊन पडलेल्या ऐंशी पानांचं म्हणाल, तर मागची परिशिष्टं आधी उघडा. नमुना कसा निवडला ते आणि मूळ तक्ते तिथे असतात. बारावी झालेली गावातली एखादी पोरगी सोबत घेऊन त्या तक्त्यांतले आपल्या गावांचे आकडे वहीत उतरवा आणि ते बरोबर आहेत का ते अंगणवाडी ताईला विचारून या.